वाटीअण्णा आणि माझा रेडिओ

वाटीअण्णांच्या करदोट्याला कायम एक पितळी वाटी अडकवलेली असे. बहात्तरच्या दुष्काळात कर्जतकडच्या आमच्या गावची नदी नुसती वाळू होऊन पडली होती. त्या वाळूत अण्णा कमरेइतका खड्डा खणत. तळाशी पाणी पाझरे. तो झिरा. ते पाणी अण्णा वाटीनं अलगद उचलून एकेकीच्या हंड्यात ओतत. शेवटची वाटी मात्र कुणालाच मिळत नसे. "ती पाखराची," म्हणत.

मी शाळेवर नवा मास्तर. पहिल्याच दिवशी अक्कल चालवली. वाटीवाटीनं कधी भरायचं, म्हणून सरळ बादली घेऊन झिऱ्यात उतरलो. कड ढासळली, पाण्याचा चिखल झाला. दहाबारा बाया रिकामे हंडे घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. अण्णांनी मला शेजारी वाळूत बसवलं.

"पानी निवळंपत्तूर हितंच बसा. आन् बोलू नका, मास्तर. तुमी बोलला की गढूळ हुतंय."

दुपारपर्यंत तोंड मिटून बसलो. इतका वेळ गप्प मी पुढे फक्त स्वतःच्या लग्नात बसलो.

तरी त्यांचा माझ्यावर जीव जडला, कारण माझ्याकडे रेडिओ होता. रोज सकाळी हाक यायची, "मास्तर, रेडिओ काय म्हनतोय?" मीही बातम्यांत थोडं पदरचं घालून सांगायचो.

अण्णांचा एक नेम होता. उगवतीचा वारा सुटला की ते पात्रात कुणाला उतरू देत नसत. भाद्रपदात एका सकाळी तसा वारा सुटला. वर ढग होते, पण तसले कोरडे ढग आम्ही वर्षभर पाहत होतो. अण्णा काठावरच बसून राहिले. बाया तहानलेल्या लेकरांची नावं घेऊन भांडायला लागल्या.

"रेडिओ काय म्हनतोय?" अण्णांनी मला विचारलं.

आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ आदळल्याची बातमी मी ऐकली होती. काठीनं मातीत हिंदुस्थानचा नकाशा काढला. "जमिनीवर आलं की वादळ मरतं, अण्णा. भूगोलात आहे. इथं शिंतोडाही यायचा नाही."

अण्णा बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. "तुमी शिकल्याली मानसं," म्हणाले, आणि खाली उतरले.

ते मेलेलं वादळ वर डोंगराकडे बरसलं असणार. दुपारी घरघर ऐकू आली. मी म्हणालो, ट्रक असेल. अण्णांनी एकदाच वळून पाहिलं. "हंडं टाका, वर चला," म्हणत त्यांनी एकेका बाईला दरडीवर ढकललं. मी बादली शोधत होतो. मला मानगूट धरून वर रेटलं. मी मागे पाहिलं तेव्हा झिरा नव्हता आणि अण्णाही नव्हते. तांबडं पाणी काठोकाठ चाललं होतं, आणि वर्षभर पाण्यासाठी आसुसलेल्या बाया त्याच्याकडे पाठ करून रडत होत्या.

तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला, बाभळीत अडकलेले अण्णा सापडले. गावानं मला एका शब्दानं विचारलं नाही. नकाशा सगळ्यांनी पाहिला होता.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी अण्णांची बायको दाराशी आली. कमरेवर हंडा.

"मास्तर, रेडिओ काय म्हनतोय?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"थांबा, वैनी," मी म्हणालो, आणि रेडिओ तसाच बोलत ठेवून, वारा कुठला आहे ते पाहायला अंगणात गेलो.