फेरो बेटांची रंगीत तालीम

मी आयुष्यात एकदाच मोटारसायकलवरून थंड प्रदेशात गेलो आहे, आणि तो प्रदेश शारजाच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

तसं ठरलं होतं फेरो बेटांवर जायचं. नकाशात नॉर्वे आणि आइसलंडच्या मधोमध कुणीतरी पेन झटकल्यासारखे जे शिंतोडे दिसतात, ती ही बेटं. माणसं कमी, मेंढ्या जास्त, धुकं त्याहून जास्त. डेन्मार्कला मोटारसायकल भाड्याने घ्यायची, फेरीबोटीच्या पोटात चढवायची आणि निघायचं उत्तरेला! हे वेड डोक्यात शिरलं त्याला कारण आमचं रोजचं ट्रॅफिक. राहतो शारजात, ऑफिस दुबई मरीनात. म्हणजे निम्मं आयुष्य पुढच्या गाडीचे लाल दिवे बघण्यात गेलंय. (उरलेलं निम्मं मागच्या गाडीचा हॉर्न ऐकण्यात.) अशात एकदा ऑफिसात डबा खाताना फोनवर एक व्हिडिओ दिसला. बोटीचं भलंमोठं तोंड उघडतं आणि आतून मोटारसायकली एकामागून एक हिरव्या डोंगरांकडे पळत सुटतात. झालं! त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टिकेना. मीटिंगमध्ये पाय हलायचे, जेवताना हलायचे, झोपेतसुद्धा हलायचे.

"अहो, पाय हलवू नका. लक्ष्मी जाते," माझी बायको वर्षा म्हणाली.

"जाऊ दे. आपणही जाऊ तिच्या मागोमाग!" मी म्हटलं, आणि तिथेच तिला सगळा बेत सांगून टाकला.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, जेवणं सोफ्यावर सरकली. बोटीतली खोली तात्पुरती राखून ठेवली. रविवारपर्यंत नक्की केली नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. अडचण एकच होती, रजेची. आम्हा दोघांना एकत्र रजा मिळते ती गणपतीत, आणि गणपतीला आम्ही दरवर्षी वर्षाच्या माहेरी कुडाळला जातो. लग्न झाल्यापासून तिने एकही गणपती चुकवलेला नाही. आणि मी तिला सांगत होतो की यंदा बाप्पाऐवजी मेंढ्यांचं दर्शन घे.

तिने शांतपणे विचारलं, "आणि थंडीचं काय?"

"कसली थंडी?"

"बाबा, प्लीज!" आमची लेक ईशा उद्गारली. ती बारावी संपवून कॉलेजची वाट बघत घरी होती, आणि माझी अब्रू काढणं हा तिचा पूर्णवेळ उद्योग होता. "यू वेअर अ मंकी कॅप इन द सिनेमा!"

आता हे खरं होतं. माझी प्रकृती जरा नाजूक. अख्खी दुबई एसीखाली नांदते आणि मी घरातला एसी सत्तावीसवर ठेवून वर गोधडी घेतो. बाहेर तवा तापलेला असतो आणि मी कानात कापूस घालून बसलेला असतो.

"सुपरमार्केटमध्ये दह्याच्या फ्रिजसमोर तुम्ही मला पुढे पाठवता," वर्षा म्हणाली. "तिथे बोचऱ्या वाऱ्यात, पावसात, मोटारसायकलवर टिकाल? मी माझा गणपती सोडते. पण आधी थंडी सोसून दाखवा."

मी तिच्या डोळ्यांदेखत उत्तर ध्रुवाला साजेसा जाडजूड सूट मागवला. पण ऑगस्टच्या शारजात थंडी आणायची कुठून? सूट घालून गॅलरीत उभा राहिलो तर मीच उकडून निघालो.

इथे खानोलकरचा प्रवेश होतो. खानोलकर माझा जुना मित्र. गोठवलेल्या पुरणपोळ्या, मोदक, आंब्याचा रस असल्या मालाचा त्याचा मोठा धंदा आहे, पण त्याचा जीव नाटकात. इथल्या मराठी मंडळाची सगळी नाटकं तोच बसवतो आणि मी त्यात गेली कित्येक वर्षं पत्र आणून देणारा नोकर होतो. माझी कहाणी ऐकून तो ताडकन उठला.

"मिल्या, रंगीत तालमीशिवाय आपण आजवर पडदा उघडलाय का? नाही ना? मग! माझं कोल्ड स्टोअर आहे की. उणे अठरा! त्यात बस मोटारसायकलवर. यल्ला, चला, शनिवारी तालीम!"

साधं थंडीत बसायचं होतं हो! पण दिग्दर्शकाच्या हाती गेलेली गोष्ट साधी राहत नाही. शनिवारी आम्ही तिघं पोचलो तर आत, दोन्ही बाजूंना खोक्यांच्या भिंती, आणि मधे लाकडी फळीवर खानोलकरच्या दुकानाची डिलिव्हरीची मोटारसायकल उभी. मागे पेटी, पेटीवर हसऱ्या मोदकाचं चित्र. ती फळी माल हलवायच्या हातगाडीवर चढवलेली.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"हा समुद्र!" खानोलकर म्हणाला. "मी दांडा हलवणार, बोट डुलणार. समोर पंखा, तो अटलांटिकचा वारा. आणि हे मटार."

"मटार कशाला?"

"गारा!"

वर्षा शाल गुंडाळून मागे बसली. मी सूट, त्यावर रेनकोट, हेल्मेट आणि आतून माकडटोपी अशा थाटात हॅंडल धरलं. ईशाने फोन समोरच्या खोक्यावर उभा केला. ("फॉर मेमरीज," म्हणाली.) खानोलकर ओरडला, "पंखा!"

पहिलं एक मिनिट मी राजा होतो. खरंच सांगतो, समोर मला खोकी दिसत नव्हती, हिरवे डोंगर दिसत होते! मग हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास जमला आणि डोंगर गेले, खोकी गेली, सगळंच गेलं. तेवढ्यात खानोलकरला स्फुरण चढलं. "वादळ!" असं म्हणून त्याने दांडा असा काही हलवला की सकाळचे पोहे माझ्या गळ्याशी आले. हेल्मेटवर मटार ताडताड वाजू लागले.

"खानोलकर, थांब!"

"शाब्बास! भीती अगदी खरी वाटतेय!"

मी तोल सावरायला डावीकडे झुकलो. मोटारसायकलही झुकली, ती झुकलेलीच राहिली, आणि आम्ही सावकाश, अदबीने खोक्यांच्या भिंतीवर जाऊन टेकलो. ती भिंत उकडीच्या मोदकांची होती. गोठलेला मोदक मऊ नसतो, हे तेव्हा कळलं. एकेक मोदक दगडासारखा डोक्यावर येत होता आणि वर्षा मात्र केव्हाच उतरून बाजूला उभी होती.

खोकी पडलेली बघून खानोलकर दांडा सोडून मोदक गोळा करायला धावला. गणपतीच्या ऑर्डरचा माल! त्यात त्याचा फोन वाजला. "गिऱ्हाईक आहे, आलोच," म्हणत तो बाहेर पळाला, पाठोपाठ ईशाही "इट्स फ्रीझिंग!" म्हणत पळाली, आणि ते जाडजूड दार धप्पकन बंद झालं.

मी दाराकडे धावलो. (म्हणजे त्या सुटात जेवढं धावता येतं तेवढं.) ढकललं. हलेना. ठोकलं. उत्तर नाही. माझ्या मिशीवर बर्फ धरला होता, आणि माझी खात्री पटली की संपलं, खलास! आता आपण पुढच्या वर्षीच्या गणपतीला गोठलेल्या अवस्थेत सापडणार. माझ्यातला नोकर गेला आणि नायक जागा झाला. नाटकात आजवर मिळाला नव्हता असा पल्लेदार आवाज मी लावला.

"वर्षा! मी काही वाचत नाही. तुला फेरो बेटं दाखवायची राहिली. ईशाला सांभाळ. खानोलकरला माझ्या शोकसभेत बोलू देऊ नकोस. आणि माझ्यामागे घरातला एसी... सत्तावीसवरच ठेव!"

"झालं बोलून?" वर्षा म्हणाली. तिने दाराशेजारचं लठ्ठ हिरवं बटण तळहाताने दाबलं. दार उघडलं. "आत येतानाच बघितलं होतं. मोठ्या अक्षरात लिहिलंय."

बाहेर ईशा जमिनीवर बसून हसत होती. तिचा फोन आतच राहिला होता आणि तो 'आठवण' साठवत नव्हता. ती तालीम थेट आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दाखवत होता. माझं मृत्युपत्र पुण्यात ऐकलं गेलं, ठाण्यात ऐकलं गेलं आणि कुडाळला तर टीव्हीला जोडून ऐकलं गेलं.

परतताना गाडीत मी गोधडी पांघरून बसलो होतो. समोर तेच लाल दिवे.

"बोटीतली खोली सोडून देतो," मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"का म्हणून?" वर्षा म्हणाली. गाडी तीच चालवत होती. "तिथे डुलताना मला इतकं छान वाटत होतं! अहो, ह्या ट्रॅफिकमध्ये तुम्हीच कंटाळता का? मीही रोज बसते. माझे पाय हलत नाहीत एवढंच."

रविवारी तिने खोली नक्की केली. कुडाळला ती वडिलांची मोटारसायकल उडवायची, इथलं मोटारसायकलचं लायसन्सही काही वर्षांपूर्वी तिने हौसेने काढलं होतं. (मी नापास झालो होतो त्याच दिवशी. सूट माझा, पण लायसन्सचं पुढे बघू असं माझं चाललं होतं.) म्हणजे हॅंडल तिच्या हाती, मागच्या सीटवर ईशा. माझा सूट तिला कमरेत थोडा आवळावा लागला.

पण गणपती चुकवायचा नाही, हा घरचा नियम. कुणीतरी जायलाच हवं. मी गेलो.

आरती झाली, आणि फोनवर फोटो आला: हिरवा डोंगर, धुकं, मोटारसायकल आणि तिच्यापुढे वर्षा, अशी हसणारी की तसं हसताना मी तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मला हेवा वाटला आणि आनंदही झाला. तो फोटो बघत असतानाच सासूबाईंनी पानात मोदक वाढला.

"घ्या जावईबापू, गरम आहे. डोक्यात पडला तरी लागायचा नाही."

पंगत खो खो हसली. बाहेर ऊन, आत चुलीची धग, सगळे घामाने निथळत होते. हसू आवरत सासूबाईंनी काळजीने विचारलं, "पंखा लागत असेल तर बंद करू का हो?"

मी बाणेदारपणे मान हलवली. उत्तरेकडच्या बेटांवर निघालेला माणूस मी! म्हटलं, "छे छे, असू दे. फक्त जरा एकवर करा."