सात दिवस भिंतीला पाणी

दिवाळी झाली की आम्ही पेठच्या डोंगरातून डोक्यावर भांडी घेऊन नाशिकच्या द्राक्षबागांत उतरायचो, आणि पावसाच्या तोंडावर भात-नागली लावायला परत वर जायचो. मधले महिने कुणाच्या तरी बांधावर, प्लॅस्टिकच्या कागदाच्या झोपडीत. बाग बदलली की बांध बदलायचा. चौथीपर्यंत माझ्या तीन शाळा झाल्या, आणि एकाही शाळेत मी वार्षिक परीक्षेला हजर नव्हते. गुरुजी पुढच्या वर्गात ढकलायचे, एवढंच. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांचे पायच ठरत नसत. महिना झाला की म्हणायचे, "चला, इथलं झालं." पाच आठवड्यांपूर्वी दादा गेले. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा चप्पल मागत होते... तेव्हापासून मलाही एका जागी बसवत नाही. उठते, दोन खोल्यांत फिरते, परत बसते. म्हणून लिहायला घेतलं.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. आईने हट्ट धरून पेठ रोडच्या कडेच्या वस्तीत दोन खोल्या घ्यायला लावल्या. खोल्या कसल्या, उघड्या विटा, वर पत्रे, खाली मुरूम. आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मंजी पाचवीला हितंच बसंल. आता नाय हलायचं." दादा म्हणाले, "मिरगाच्या आत घर ऱ्हायाजोगं झालं तर बघू. नाय तर समद्यांनी वर जायचं." म्हणजे माझी पाचवी त्या भिंतींवर ठरणार होती. दहा वर्षांची होते, पण हे मला चांगलं समजत होतं. मी गिलाव्याची वाळू चाळत राहिले.

गवंडी लावायची ऐपत नव्हती आणि गरजही वाटली नाही. जन्मभर मातीच्या भिंती लिंपलेली माणसं ती. दादांनी सिमेंट-वाळूचा माल माती तुडवतात तसा पायांनी तुडवला आणि आईने तो कुडाला लिंपण घालावं तसा तळहाताने भिंतीवर ओढला. तिसऱ्या दिवशी तिचे तळहात सोलले, दादांच्या टाचा फाटल्या. तरी दोघं भांडत, एकमेकांना टोमणे मारत काम ओढत होते. "तुमचा पाय म्हंजी म्हशीचा खूर," आई म्हणायची. गिलावा झाल्यावर वळवाचा पाऊस आला. दोघं धावत सुटले, पोती काय, कागद काय, माझं पांघरूणसुद्धा बाहेरच्या भिंतीला लावलं. एक थेंब लागू दिला नाही. मातीच्या भिंतीला पाणी लागलं की ती गेलीच, हे त्यांना ठाऊक होतं. पाऊस गेल्यावर दादा कोरड्या भिंतीकडे बघून पहिल्यांदा हसले होते.

आठवड्यात भिंतींना चिरा पडल्या. बोटाने वाजवलं की पोकळ आवाज यायचा, पोपडे हातात यायचे. दादांनी भांडी पोत्यात भरायला घेतली. "जागेनं नको म्हटलंय आपल्याला," एवढंच म्हणाले. आई दारात आडवी उभी राहिली. "जागेनं काय नाय म्हटलं. चुकलो आपन. काय चुकलं त्ये तरी इचारा कुनाला!" तिनेच शेजारच्या रहीमचाचांना हाक मारली. ते मालेगावकडचे, गवंडीकाम करणारे. त्यांनी भिंतीवर नुसतं नख फिरवलं. "पानी कितने दिन मारलं, भाऊ?"

"पानी? भिंतीला?"

"अरे, सिमेंट आहे ते, माती नाही. त्याला सात दिवस पाणी पाजायचं. सकाळ-दुपार-संध्याकाळ. तहानलेलं ठेवलं तुम्ही त्याला."

आई मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता रडली. दादा मात्र तसेच उभे, पोत्याचं तोंड मुठीत धरून... मी त्यांच्या मुठीकडे बघत होते. दादांनी ती मूठ सोडली. म्हणाले, "थापी मिळंल का चाचा, तुमची?"

सगळा गिलावा छिन्नीने पाडला, पुन्हा केला, या वेळी तळहाताऐवजी थापीने. आईला बागेत कामाला जावं लागे, म्हणून पाणी मारायचं काम दादांकडे आलं. सात दिवस तो माणूस तांब्या घेऊन भिंतीभोवती फिरत होता. पाणी मारायचं, दुसऱ्या टोकाला जायचं, तोवर पहिली भिंत सुकलेली. सातव्या दिवशी रहीमचाचा म्हणाले, बस झालं. दादांनी आणखी तीन दिवस मारलं. मृगात ते भात लावायला वर गेले खरे, पण एकटे. जाताना दारातून म्हणाले, "मंजे, शाळंत नाव घाल. मी येतो."

आणि आले. पायांतली वळवळ काही गेली नाही, ती हातांत उतरली. दर वर्षी, कधी वर्षातून दोनदा, घराचा रंग बदलायचा. आधी चुन्यात नीळ, मग गेरू, मग हाती जरा पैसा यायला लागल्यावर डिस्टेंपर. दादा ड्रमवर चढून वरचा भाग करणार, आई खालचा. पिस्ता रंग दिला तेव्हा आई म्हणाली, "सरकारी दवाखान्यात आल्यावानी वाटतंय." दोन महिन्यांत तो गुलाबी झाला. बी.ए.ला असताना मी चिडून म्हटलं होतं, "दादा, पुस्तकांना सुद्धा रंग लागतोय, आता पुरे." ते ब्रश पिळत म्हणाले, "रंग बदलला की मला गाव बदलल्यासारखं वाटतं. तुला गाव बदललेलं चालंल का?" मी पुस्तकं उचलून ओट्यावर नेली. रंगाची तक्रार पुन्हा केली नाही.

ते गेले तेव्हा स्वयंपाकघराची एक भिंत अर्धीच झाली होती. तेराव्यानंतर दुसऱ्याच सकाळी आईने ब्रश घेतला. नातलग कुजबुजले. खालचा भाग तिने नेहमीसारखा केला, मग ड्रम सरकवला, पदर खोचला आणि वर चढली. मी ड्रम धरून उभी राहिले. भिंत पूर्ण झाली.

पेठ रोडच्या या दोन खोल्या आई-दादांनी स्वतःच्या हातांनी राहण्याजोग्या केल्या. इथे राहून मी पाचवी ते बी.ए. शिकले. मध्ये एकही वर्ष शाळा मोडली नाही.