कोरडी घासाई

सुनीताचा फोन आला तेव्हा मी उमरीच्या शाळेच्या गेटातून गाडी बाहेर काढत होते. "ताई, ह्यांचं संपलं," एवढंच ती म्हणाली. दत्ता माझा धाकटा भाऊ, सुनीता त्याची बायको. मला रडू आलं नाही, राग आला. अजूनही येतो. त्याला जाऊन महिना उलटला तरी मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतेच आहे, आणि तो उलट बोलत नाही म्हणून भांडण मिटतही नाही... त्या दिवशी तशीच नांदेडवरून लातूरला गेले, एकटी गाडी चालवत. माझी गाडी पांढरी आहे, फक्त तिचं डावं दार राखाडी आहे.

आम्ही औशाजवळच्या खेड्यातले. दत्ताने शेत बघावं असं बाबांना वाटे, पण तो लातूरला खलीलभाईंच्या गॅरेजात गेला आणि तिथलाच झाला. त्याचं काम रंगाच्या आधीचं. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ झाला की त्यावर पुट्टी भरायची, वर प्रायमर मारायचा आणि तो खरखरीत कागदाने घासून घासून आरशासारखा करायचा. प्रायमरवर तो काळ्या रंगाचा हलका फवारा मारी आणि मग घासायला बसे. "काळं ऱ्हायलं तिथं खड्डा हाय," असं मला एकदा त्याने समजावलं होतं. शेवटी दस्ती तळहाताखाली धरून, डोळे मिटून सगळ्या पत्र्यावरून हात फिरवायचा. नुसत्या हाताला जे कळत नाही ते रुमालाखालून कळतं म्हणे. ही खोड त्याला सगळीकडे. माझ्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या कोऱ्या दिसणाऱ्या गाडीवरून त्याने असाच हात फिरवला आणि मुलाच्या मामाला सांगितलं, ही गाडी पलटी झालेली आहे. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. स्थळ मोडलं. पुढे त्या घरच्या एकेक गोष्टी कानावर आल्या तेव्हा बरंच झालं म्हटलं, पण त्या दिवशी मी त्याला घरभर शिव्या घातल्या होत्या.

पूर्वी तो पाण्यानेच घासायचा. बादली शेजारी, कागद ओला, धूळ उडायचा प्रश्नच नाही. मग लातूरला पाण्याचे हाल झाले तो उन्हाळा आला. गल्लीतल्या बाया टँकरची वाट बघत घागरी घेऊन बसलेल्या, आणि आपण बोनेटवर पाणी ओतायचं, याची त्याला लाज वाटली. खलीलभाई म्हणाले, थोडे दिवस काम बंद ठेवू. याने ऐकलं नाही. तोंडाला दस्ती बांधून कोरडंच घासू लागला. पुढे नळाला पाणी आलं, हा मात्र पाण्याकडे वळलाच नाही. पुट्टी पाणी पिते, ते आत राहतं आणि दोन वर्षांनी रंगाला फोड येतात, कोरड्या घासाईत पाणीच नाही तर फोड कुठून, हे त्याने तेवढ्यात हेरलं होतं. निलंग्याहून, उदगीरहून लोक त्याच्या हातासाठी गाड्या घेऊन येऊ लागले. मग काय, हरभऱ्याच्या झाडावरच चढला.

खोकला सुरू झाला तेव्हा मी त्याला ओढून नांदेडला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. आत गेलेली धूळ आता निघणार नाही, नवी जाऊ देऊ नका, असं त्यांनी फोटो दाखवून स्पष्ट सांगितलं. हा मान डोलावत होता. बाहेर आल्यावर मला म्हणतो, डॉक्टरांच्या कपाटाचा रंग ओघळलाय. मी रस्त्यावरच रडले. मास्क आणून दिले, ते हनुवटीखाली लटकत राहिले. खलीलभाईंनी त्याला खुर्ची दिली, नुसतं बघत बस म्हणाले. बसायचा, आणि कुणाचा हात चुकला की उठायचा. सुनीता हात जोडून दमली. माणूस डोळ्यांदेखत बुडतोय आणि तोच तुमचा हात झिडकारतोय, अशी आमची गत होती.

अशात उमरीच्या बाजारात एका टेम्पोने माझ्या गाडीचं दार चेपलं. मी त्याला कळू दिलं नव्हतं. पण तो नांदेडला माझ्या घरी आला, दार बघितलं आणि खिळ्यावरची चावी उचलली. मी आडवी आले. "ताई, ही गाडी दुसऱ्याच्या हाताखाली गेली तर मी तुझ्या घरी पाय ठेवणार न्हाई," म्हणाला आणि घेऊन गेला. मी फोनवर बजावलं, पाण्यानेच घास, माझी शपथ आहे.

"व्हय ताई, पाण्यानंच घासायलोय."

मागून बादलीत नळ सोडल्याचा आवाजही येत होता. मला तेवढंच बरं वाटलं.

घासाई झाली आणि रंगाच्या आधी तो दवाखान्यात गेला. मी भेटायला गेले तेव्हा नाकात नळी होती. एकेक शब्द ओढून काढत होता. "गाडी घेऊन जा... रंग मारून घे. उघडं ठिवू नको. प्रायमर पाणी पितो, पत्रा गंजंल." बोलताना तळहात पलंगाच्या कठड्यावरून फिरत होता.

परवा नांदेडचा एक पेंटर दार बघायला घरी आला. त्याने दाराच्या कडेचं रबर ओढून काढलं. आत राखाडी भुकटी होती, पिठीसारखी मऊ, सुटी, कोरडी. पाण्याने घासलं असतं तर तिथे चिखलाची खपली असती, हे मला पेंटरने सांगायची गरज नव्हती. माझ्या दाराला कधी फोड येऊ नये म्हणून तो शपथेवर खोटं बोलला होता. जे त्याच्या छातीत गेलं तेच माझ्या दारात राहिलं होतं.

पेंटर म्हणाला, "मॅडम, हे पुसून परत एकदा घासावं लागंल, मग रंग. पाऊस तोंडावर हाय, लई दिवस ठिवू नका." मी रबर परत बसवलं आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं. दार गंजणार, मला कळतं. दत्ताने स्वतः सांगून ठेवलंय. पण त्या दारावर दुसऱ्याचा कागद फिरू देणं मला जमत नाही... रोज सकाळी शाळेला निघताना मी त्याची दस्ती तळहाताखाली धरते, डोळे मिटते आणि दारावरून हात फिरवते. कुठेही खड्डा लागत नाही, आणि मी तिथेच उभी राहून त्याला शिव्या देते.