धाकटीच्या घरातला पांढरा

धाकट्या जावेनं घराला पांढरा रंग निवडायला चार दिवस लावले, तेव्हा मी तिला हसले होते.

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर सासऱ्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. दोघा भावांनी तो मधोमध वाटून घेतला आणि एकाच मिस्त्रीकडून शेजारी शेजारी दोन घरं बांधून घेतली. आमच्या ह्यांचं किराणा दुकान, दिराचं खत-बियाण्यांचं. घरांचा नकाशा एकच, फक्त उलटसुलट. माझी मागची खोली मावळतीला, तिची उगवतीला. रंग दोघींनाही पांढराच हवा होता. मी ह्यांच्याबरोबर अंबाजोगाईला गेले, दुकानदाराला म्हटलं, "सगळ्यात पांढरा असंल तो द्या, सगळ्या खोल्यांना." चहा यायच्या आत काम झालं.

धाकटीनं शेड कार्ड घरी आणलं. ते भिंतीला लावून सकाळी बघायची, दुपारी बघायची, दिवा लावून बघायची. "अक्का, बघा की, ह्याच्यात जरा गुलाबी हाय. आन् ह्याच्यात पिवळं." मला दोन्ही सारखेच दिसत होते.

"पांढरा तो पांढरा," मी म्हटलं. "त्यात काय एवढं बघायचं?"

तिनं हॉलला एक पांढरा दिला, स्वयंपाकघराला दुसरा, मागच्या खोलीला तिसरा. घरभरणीला आलेल्या बायका आधी माझ्या घरी यायच्या, छान छान म्हणायच्या, मग तिच्याकडं जायच्या आणि तिथंच बसून राहायच्या. मामेसासूबाई तर तिच्या हॉलमध्ये पाय पसरून बसल्या त्या जेवणाचं बोलावणं येईपर्यंत उठल्या नाहीत. मी मनाशी म्हटलं, तिच्याकडं कूलर आहे म्हणून. पण त्या दिवशी कूलर बंद होता, हेही मला ठाऊक होतं.

त्यानंतर माझ्या हॉलमध्ये ट्यूब लावली की मला दवाखान्यात बसल्यासारखं वाटायला लागलं.

तरी एक गोष्ट माझ्याकडं होती. सासूबाई माझ्याकडं राहत होत्या. आम्ही सगळेच त्यांना अव्वा म्हणतो. वाटणी झाली तेव्हा त्यांनी कुणी विचारायची वाटही पाहिली नाही, आपली ट्रंक उचलायला सांगितली आणि माझ्या मागच्या खोलीत ठेवली. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या दोघींची कुरबुर चालूच होती. भाकरी जाड झाली, कपडे उशिरा वाळत घातले, काही ना काही असायचंच. मी माहेरी गेले की त्यांच्याबद्दल पोटभर बोलायची. त्या कुणाकडं राहतात याचं मला एवढं काही असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग अव्वांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लातूरला ह्यांनी आणि मीच नेलं. तिथं मीच राहिले, घरी आल्यावर वेळेवर थेंब मीच घालत होते. पट्टी निघाली, तसं त्यांना लहान मुलासारखं झालं. माझ्या साडीचा रंग बघून म्हणाल्या, "ही निळी हाय व्हय? मला इतके दिवस काळीच वाटायली." आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पलंगावर डोळ्यांवर पदर घेऊन बसल्या होत्या.

"काय झालं अव्वा? दुखायलंय का?"

"दुखत न्हाई गं. ही भिंत लई चमकायली. डोळ्यात सुई घातल्यागत होतंय."

मी पडदा ओढला. पण मावळतीचं ऊन पडद्यातूनही आत यायचं आणि समोरची भिंत नुसती पेटायची. त्यांनी काळा चष्मा घातला, तोंड फिरवून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्या "जरा तिकडं जाऊन येते" म्हणून धाकटीकडं गेल्या. संध्याकाळी आल्या. मग रोज दुपारी जायला लागल्या. एक दिवस दीर आला आणि म्हणाला, "वहिनी, अव्वा आज तिकडंच झोपते म्हणायलीय. तिचं अंथरूण द्या." आणि आठवड्याभरात ट्रंकही गेली.

मी ट्रंक स्वतः उचलून दिली. तोंडावर काही दिसू दिलं नाही. पण ट्रंक उचलल्यावर फरशीवर जो चौकोन राहिला, तो मी दोन वेळा पुसला आणि मग त्या खोलीत जाणंच बंद केलं.

दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी भांडी घासायला मागच्या दारी बसले की पलीकडचं सगळं ऐकू यायचं. अव्वा हसायच्या. माझ्याकडं त्या कधी इतक्या हसल्या होत्या, मी आठवत बसायची. एकदा धाकटी त्यांच्या केसांना तेल लावत होती आणि त्या म्हणत होत्या, "तुझ्या खोलीत कसं गार वाटतं बघ. दुधावर साय आल्यासारखी भिंत हाय." माझ्या हातातली घासणी थांबली. तेल लावायला मी कधी नाही म्हटलं होतं? थेंब कुणी घातले?

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, दोन पावलांवर तर हाय. कावून इतकं मनाला लावून घेतीस?"

दोन पावलांवर होत्या, तेच तर खुपत होतं. लांब गावी गेल्या असत्या तर काही वाटलं नसतं.

मी ठरवलं, खोली पुन्हा रंगवायची. धाकटीला विचारलं असतं तर तिनं कार्ड काढून बोट ठेवून दाखवलं असतं. पण तिला विचारायचं म्हणजे पांढरा तो पांढरा नसतो, हे तिच्यासमोर कबूल करणं. त्यापेक्षा मी एकटीच बसनं अंबाजोगाईला गेले. दुकानदाराला म्हटलं, "आमच्या जावेला दिला तोच पांढरा द्या."

"कोणत्या खोलीचा?" त्यानं विचारलं. "बाईंनी तर वेगवेगळे नेलेत."

"मागच्या खोलीचा."

डबा घेऊन आले. पेंटरनं दोन हात मारले. ओलं होतं तोवर मला बरं वाटत होतं. वाळल्यावर सकाळी बघितलं तर भिंत शिळ्या ताकासारखी दिसत होती. दुपारी ऊन आलं आणि ती पिवळी पडली, कावीळ झाल्यासारखी. तोच डबा, तोच रंग. तिच्याकडं सकाळचं कोवळं ऊन येतं, त्यात ती साय दिसते. माझ्याकडं आधीच पिवळं होऊन आलेलं ऊन त्या पिवळ्या भिंतीवर पडत होतं. हे मला तेव्हा एवढं नीट कळलं नाही. मला वाटलं, तिनं दुकानदाराला पढवून ठेवलं असणार. खरंच असं वाटलं.

अव्वांना बोलावून दाखवली. त्या दारात उभ्या राहिल्या, चष्मा काढला, परत घातला.

"बरा हाय की," म्हणाल्या आणि चहा घेऊन परत गेल्या.

मग मी इरेला पेटले. दुकानातून चार-पाच पांढऱ्यांचे नमुने छोट्या डब्यांतून आणले आणि समोरच्या भिंतीवर पोळीएवढे ठिपके स्वतःच लावले. घरकाम उरकलं की खोलीच्या दारात पाट टाकून बसायची. पहिल्यांदा सगळे सारखेच दिसले. हळूहळू एकातली राख दिसायला लागली, एकातला गुलाबी, एकात अगदी किंचित हिरवा. सकाळी जो चांगला दिसायचा तो दुपारी नजर लागल्यासारखा मळायचा. राखेची झाक असलेला सकाळी अगदीच उदास वाटायचा, म्हणून मी त्याला आधीच बाजूला काढला होता.

अशीच दुपारी बसले होते. धाकटी विरजण मागायला मागच्या दारानं आली आणि थेट खोलीच्या दारापर्यंत आली. ठिपके बघून ती थांबली. मला वाटलं आता हसेल. तिचा हक्कच होता. ती हसली नाही. आत गेली, भिंतीच्या जवळ गेली, लांब गेली.

"अक्का, हा," ती राखेच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली. "बघा की आता. ऊन पडलंय तरी टोचत न्हाई."

खरंच टोचत नव्हता. उन्हात तो धुतलेल्या धोतरासारखा शांत दिसत होता. आणि ते तिला आल्या आल्या दिसलं होतं, मी इतके दिवस बसूनही मला दिसलं नव्हतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं. "सगळंच तुला येतं. रंगबी तुलाच कळतो, अव्वांना सांभाळायबी तुलाच येतं. घेऊन तर गेलीस त्यांना. आता ही खोली तरी राहू दे माझी."

ती बोटाला लागलेला रंग पदराला पुसत राहिली. मग तिचाही आवाज चढला.

"मी न्हेलं? त्या आपल्या आपण आल्या. आन् आल्यापासून काय चाललंय, तुमाला म्हाईत हाय? भाजीत मीठ कमी पडलं की थोरलीच्या हातचं. भाकरी फुगली न्हाई की थोरलीची बघ कशी फुगती. औषधाचे थेंब मी घालाय गेले तर म्हणत्यात, तुझा हात जड हाय, थोरलीचा कळतबी न्हाई. दिवसभर तुमचंच नाव हाय माझ्या घरात. मी रंग चांगला दिला म्हणून भिंतीकडं बघत बसत्यात, माझ्याकडं न्हाई."

ती रडकुंडीला आली होती. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझ्या मनात काय आलं, तर भाकरीचं तिनं परत एकदा सांगावं.

"भाकरीचं काय म्हणाल्या?" मी विचारलंच.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि विरजण न घेताच गेली.

मी तोच राखेचा पांढरा लावला. दुसरा कुठला बरा असता तर तो लावला असता, पण नव्हता. पेंटर म्हणाला, "बाई, सारखी भिंत रंगवून पापुद्रे निघतील." मी म्हटलं, निघू द्या. खोली वाळली, पलंग परत लावला, पण मी अव्वांना बोलवायला गेले नाही. एकदा बोलावून झालं होतं.

त्या आपण होऊनच आल्या. रंगाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी तपासून काळा चष्मा काढायला सांगितला होता, नजर उजेडाला सरावली होती. धाकटी स्वतः त्यांचं अंथरूण घेऊन आली, दिरानं ट्रंक आणली. अव्वा पलंगावर बसल्या, समोर बघितलं.

"आता कायबी टोचत न्हाई," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "रंग दिला व्हय? कवा?"

धाकटी अंथरुणाच्या घड्या सरळ करत होती, सरळ असलेल्याही. तिचा चेहरा मी ओळखला. तो बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अव्वा मात्र पलंगाला टेकत म्हणाल्या, "तिकडं लई शांत वाटायचं पण." आणि माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटी वाटीत काहीतरी घेऊन दारात आली. शेवयाची खीर होती.

"अव्वा हाईत का?"

"झोपल्यात," मी म्हटलं. त्या झोपल्या नव्हत्या.

"कोण आलंय गं?" आतून अव्वांचा आवाज आला.

आम्ही दोघी दारात तशाच उभ्या राहिलो. मग ती माझ्या बाजूनं आत गेली आणि पलंगावर त्यांच्या पायाशी बसली. मी चहाचं आधण ठेवलं, तिघींचं. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. काय बोलतायत ते नीट ऐकू यावं म्हणून मी गॅस बारीक केला.