वाकळीतला चिंचोका

मैत्रिणींनो, एकोणतिसाव्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाला. बरी झाल्यावर मी एक वाकळ शिवली. तिच्यावर कापडी स्तनांच्या जोड्या आहेत आणि त्यातल्या एकाच स्तनात चिंचोका लपवलाय.

आज ती राणीसावरगावात अंथरली. कुणी हात लावेल का, हेच बघायचं होतं. बाया आधी लाजल्या, मग टाके बघायच्या निमित्तानं चाचपायला लागल्या. एकीला चिंचोका घावला. सगळ्या हसल्या, ती मात्र तिथंच पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.

नंतर बाजूला येऊन म्हणाली, "ताई, माज्या बी हाताला असंच लागायलंय. दुखत न्हाई. आमी परवा ऊसतोडीला जायलाव. आल्यावर दाखवलं तर चालंल का?"

उद्या सकाळीच आम्ही दोघी परभणीला दवाखान्यात जातोय.

दुखेपर्यंत थांबायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं?