मैनाच्या ओळखीच्या चार ओळी

मैनाला परिषदेत बोलायला बोलावलं, त्या दिवसापासून किशोरीच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. कुणी विचारलंच तर ती पित्ताचं कारण सांगायची.

पनवेलच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं सहायक होती. बरण्यांतले खेकडे, गोगलगायी, शंख-शिंपले यांची धूळ पुसणं, पाणी बदलणं, विटलेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहिणं, हे तिचं काम. नवे प्राध्यापक पहिल्या वर्षी तिला विचारून शिकवायचे आणि दुसऱ्या वर्षी आपण तिला विचारलं होतं हे विसरायचे. त्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ती म्हणायची.

ती मूळची खाडीकाठच्या मोरा गावची, कोळ्यांच्या घरातली. नोकरी लागली त्या पहिल्याच महिन्यात ऑफिसात ती म्हणाली, "सर आले नाय अजून." दोन कारकुनांनी तो "नाय" दिवसभर एकमेकांकडे चेंडूसारखा टोलवला. किशोरी घरी आली आणि आरशासमोर उभी राहून "नाही" म्हणायला शिकली. वर्षभरात तिच्या बोलण्यातून खाडी पार धुऊन निघाली. माहेरी गेली की आई विचारायची, "तू बातम्या देतेस काय गो?"

विभागाच्या आजवर पाच परिषदा झाल्या होत्या. पाचही वेळा किशोरीने खुर्च्या मोजल्या, माइकचे सेल बदलले, चहा फिरवला. दुसऱ्या परिषदेत एका पाहुण्याने पडद्यावर एक शिंपला दाखवून त्याचं नाव चुकीचं सांगितलं. ट्रे हातात असतानाच किशोरीच्या तोंडून बरोबर नाव निघालं, हळूच. विभागप्रमुख तुळशीराम सर मान न वळवता म्हणाले, "किशोरी, चहा थंड होतोय." त्यानंतर तिने सभागृहात तोंड उघडलं नाही.

या वर्षी परिषदेची सूत्रं रुचिरा मॅडमकडे आली. वयाने किशोरीच्या भाचीएवढी बाई, पण बोलताना समोरच्याकडे पूर्ण बघणारी. पहिल्याच मीटिंगला तिने सांगितलं की छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त नाव असेल. डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही, सगळ्यांची अक्षरं सारखी.

"म्हणजे पोरं मला तुळशीराम म्हणणार?" सरांनी विचारलं.

"तुमची ओळख तुम्ही लिहाल ना सर, त्यात डॉक्टर लिहा. आम्ही वाचू."

"आणि सत्काराचा नारळ तरी आहे ना, की तोही सगळ्यांना सारखा फोडून?"

सगळे हसले, रुचिराही हसली, पण हटली नाही. ज्यांना आपला फोटो नको त्यांच्या बिल्ल्याला लाल फीत. जेवणात मासळी आणि शाकाहारी एकाच रांगेत. खाडीवरच्या परिषदेत मासे खाणाऱ्यांना जिन्याखाली बसवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वक्त्याची ओळख वक्त्याने स्वतः लिहून द्यायची, चार ओळींत, हव्या त्या भाषेत. ती जशीच्या तशी वाचली जाईल. स्वतःऐवजी दुसऱ्या कुणी ओळख करून द्यावी असं वाटलं तर तेही चालेल. पण लिहिलेल्यात बदल करायचा तर त्या व्यक्तीनेच येऊन सांगायचं.

हा नियम कशामुळे आला ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या परिषदेत पुण्याहून एक संशोधक आली होती. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून ठेवलेलं नाव तिने केव्हाच सोडलं होतं. व्यासपीठावरून कुणीतरी जुनी कागदपत्रं बघून तिला त्याच नावाने पुकारलं. सभागृहात कुजबुज झाली. ती उठली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि पेपर न वाचता निघून गेली. तिला रिक्षापर्यंत सोडायला किशोरीच गेली होती. रिक्षा सुटेपर्यंत ती मुलगी पिशवीची चेन उघडत आणि लावत राहिली.

तर अशी ही परिषद. तिच्यासाठी रुचिराला चिखलातलं कळणारं माणूस हवं होतं, आणि किशोरीच तिला मोऱ्याला घेऊन गेली, आपल्या चुलत बहिणीकडे. मैना ओहोटीला चिखलात उतरली आणि जमिनीवर चालावं तशी चालत गेली. बिळापाशी वाकायची, बोट घालायची आणि चिखलातला तो निसरडा मासा, निवटी, बाहेर; पायाने चाचपून शिवल्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, वर काढायची. रुचिरा मांडीपर्यंत रुतून तिचं बोलणं लिहून घेत होती. किशोरी काठावर पिशव्या आणि चपला सांभाळत उभी. परत निघताना रुचिराने विचारलं, "मैनाताई, तुम्ही आमच्या परिषदेत बोलाल?"

बावीस वर्षं ज्या प्रश्नाची किशोरीने वाट बघितली, तो तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच बाईला विचारला गेला. तोही त्या बाईचे हात चिखलाने भरलेले असताना, ती आमी-तुमी करत असताना. जे बोलणं किशोरीने आरशासमोर उभं राहून घासून काढलं, तेच आता या लोकांना हवं होतं. मग तिने ते कशासाठी टाकलं? हा विचार आला की तिच्या छातीत काहीतरी वळवळायचं.

आठवड्याने मैनाचा फोन आला. "तो ओलखीचा फारम आलाय गो. माझं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. तू लिव, मी सांगते."

"सांग."

"लिव, मी मैना, मोऱ्याची. चिखलातलं सगलं मना माईत हाय. मना आईनं शिकवलं, आईला तिच्या सासूनं. आनि लिव, लहान शिवली मी परत टाकते, कोनी बघत नसलं तरी. झाल्या काय चार ओली?"

"झाल्या," किशोरी म्हणाली. फोन ठेवून तिने प्रयोगशाळेच्या संगणकावर लिहिलं:

"मैना, राहणार मोरा. शिक्षण सातवी नापास. मासळी विकून पोट भरतात. शास्त्राची माहिती नाही, अनुभवाचे चार शब्द सांगतील."

लिहिताना तिचा हात कुठे अडला नाही. शब्द सभ्य होते, वर विनयाचा रंगही होता. रुचिराने विचारलं, "हे त्यांचंच ना?" तेव्हा ती म्हणाली, "हो. मैना फार साधी आहे." नंतरचे आठ-दहा दिवस भाजी घेताना, बसस्टॉपवर, ती ओळख भर सभागृहात वाचली जाताना तिला ऐकू यायची. त्यामागून येणारं हसूही ऐकू यायचं. त्या दिवसांत तिला जरा जेवण जायला लागलं.

परिषदेच्या सकाळी ती पडद्यामागे माइकची वायर सरळ करत होती. पलीकडे सूत्रसंचालन करणाऱ्या दोन विद्यार्थिनी, प्रांजल आणि रिया, वाचनाचा सराव करत होत्या.

"सातवी नापास?" रिया म्हणाली. "आणि वक्ता? मग आमच्या कॅन्टीनवाल्या मावशींनी काय पाप केलंय?"

"ऐक ना, ती कशी बोलेल," प्रांजलने आवाज बदलला. "मना काय माईत नाय बा, मी आपली निवटी धरते."

दोघी खिदळल्या. मुली वाईट नव्हत्या, सकाळपासून किशोरीच्या हाताखाली राबत होत्या. पण वायर तिच्या हातात तशीच राहिली. हेच हसू तिला हवं होतं, तिने ते मागवलं होतं. आता त्याचा पहिला थेंब कानात पडला आणि तिला समोर ते दोन कारकून दिसले, तोच "नाय", तोच चेंडू. इतक्या वर्षांत तो आवाज जराही म्हातारा झाला नव्हता. आणि मग, का कोण जाणे, पिशवीची चेन उघडणारे-लावणारे ते हात दिसले.

रुचिरा नोंदणीच्या टेबलाशी होती. "मॅडम, मैनाच्या ओळखीत जरा दुरुस्ती करायचीय."

"काय झालं?"

"शब्द इकडेतिकडे झालेत."

"मग त्यांनाच येऊन सांगू दे, किशोरीताई. मघाशी तुळशीराम सर एका मुलीच्या ओळखीत भर घालायला आले होते, त्यांनाही मी परत पाठवलं. तुमच्यासाठी नियम मोडला तर ते मला जेवू देणार नाहीत." ती हसली. "मैनाताई बाहेर बसल्यात. पाच मिनिटांचं तर काम."

मैना बदामाच्या झाडाखाली कट्ट्यावर बसली होती. हिरवं लुगडं, केसांत अबोली, चपला काढून पाय वर घेतलेले. छातीवरचा बिल्ला ती उलटसुलट करून बघत होती.

"आलीस? हे बघ. माझं नाव त्या मोठ्या सरांच्या नावाएवढंच हाय. मी बोटानं मोजून आले. ते बघतच राहिले माझ्याकडं."

तसाच बिल्ला किशोरीच्याही गळ्यात होता. तिने तो मोजला नव्हता. त्या क्षणीही तिला मैनाचा हेवा वाटला. तिने ओळखीचा छापील कागद पुढे केला. मैना ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेली. चार ओळींना बराच वेळ लागला.

"हे कोनी लिवलं?"

"मी."

मैनाने बोट दुसऱ्या ओळीवर परत नेलं. "मी सातवी पास हाय, किशोरी. सातवीला तू नापास झालीस. गनितात. काकीला सांगू नको म्हनून माझ्याकडं रडलीस." मग ती म्हणाली, "सोताची सातवी माझ्या गल्यात बांधलीस काय?"

किशोरीने कागद परत घ्यायला हात पुढे केला. मैनाने तो सोडला नाही.

"मी तुझं काय केलं, ते तरी सांग."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण मोजून बघितलं तर एकच गोष्ट उरत होती. "तुला बोलावलं," किशोरी म्हणाली.

"बस?"

"बावीस वर्षं मी इथे आहे. मला कुणी बोलावलं नाही. तुला एका ओहोटीत बोलावलं."

मैनाने यावर खरोखरच विचार केला. "ते हाय," ती म्हणाली. "मीबी जलले असते. पन मी असं लिवलं नसतं. घरी येऊन भांडले असते, तुझ्या नवऱ्यासमोर."

"चल, आत जाऊन सांग बदल करायचा म्हणून. मी पुन्हा लिहिते, तू सांगितलेलं."

"कागद नको आता. ती मॅडम बोलली ना, ओलख कोनाकडनंबी करून घ्या. तू कर. माइकवर उभी राहून. आनि बातम्यांसारखी नको, घरच्यासारखी."

"मला नाही जमणार गं. सगळे ओळखतात मला इथे."

"मंग हेच वाचू दे." मैनाने कागद घडी करून किशोरीच्या हातात दिला आणि चपला पायांत सरकवायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. मासळीचा भाव एकदा सांगून झाला की ती अशीच दुसरीकडे बघायची.

दुसऱ्या सत्राला किशोरी माइकपाशी उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते मागच्या भिंतीजवळचं चहाचं टेबल. तिथे कुणीच नव्हतं. "नमस्कार," ती म्हणाली, "आजच्या सत्रातील पुढील वक्त्या..." आणि थांबली. पहिल्या रांगेत मैना हाताची घडी घालून बसली होती.

"ही मैना," किशोरी म्हणाली. "मोऱ्याची. माझी चुलत बहीन हाय."

मागे कुठेतरी खसखस पिकली. ती पिकून संपेपर्यंत किशोरी थांबली. रिया खाली बघत होती.

"चिखलातलं सगलं हिला माईत हाय. हिला आईनं शिकवलं, आईला तिच्या सासूनं. लहान शिवली ही परत टाकते, कोनी बघत नसलं तरी. सातवी पास हाय." मग जरा अडखळून, "मी नापास झाले होते. एकदा."

आता बरेच जण हसले. कुणावर, ते तिला कळलं नाही. ती खाली उतरून दुसऱ्या रांगेत रिकाम्या खुर्चीवर बसली.

मैना बारा मिनिटं बोलली. भरती-ओहोटी, बिळांची तोंडं, पाण्याचा बदललेला वास. तुळशीराम सरांनी चष्मा काढून हातात धरला होता. आणि किशोरीच्या छातीत ते पुन्हा वळवळायला लागलं. ती काय समजली होती, एकदा खरं बोललं की हे जाईल? कुठेही गेलं नव्हतं. मैनाचा प्रत्येक शब्द चांगला होता आणि प्रत्येक शब्द तिला बोचत होता.

"आनि खाडीत मातीचा भराव पडला ना," मैना सांगत होती, "त्या वर्षी शिवल्या गेल्या. एकदम."

हे चूक होतं. किशोरीला पक्कं माहीत होतं. तिचा हात वर गेला, आणि तो आपलाच आहे हे तिला तो वर गेल्यावर कळलं.

"किशोरीताई?" रुचिराने विचारलं.

किशोरी उभी राहिली. "शिवल्या भरावाच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. माझ्या साखरपुड्याला मिळाल्या नाय, म्हनून आईनं कोलंबी केली."

"तुझ्या साखरपुड्याला मी होते ना," मैना व्यासपीठावरून म्हणाली. "शिवल्या होत्या. मी खाल्ल्या."

"तू बालतीन होतीस. तुला आत वेगलं ताट दिलं होतं, मेथीचं. तू कुठं शिवल्या खाल्ल्यास?"

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतला दिल्लीचा पाहुणा शेजाऱ्याला विचारून विचारून भराभर लिहून घेत होता. मैनाच्या कपाळावर आठी पडली. "म्हंजे माझा मिथुन तवा..."

"सवा महिन्याचा."

"आनि मिथुनला आता किती पुरी झाली?" मैनाने स्वतःलाच विचारलं आणि बोटांची पेरं धरली.

"म्हणजे नक्की कोणतं वर्ष, किशोरी?" तुळशीराम सरांनी मागे वळून विचारलं.

"थांबा सर," किशोरी म्हणाली, "ती मोजतेय."

ती पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि स्वतःही मनात मोजत होती. मैनाचं गणित चुकावं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.