दाजींचा एकुलता भरवसा

दाजींच्या सदऱ्याच्या खिशात कायम दोन टॉर्च असत. एक उजेडासाठी, आणि दुसरी, पहिलीवर भरवसा नव्हता म्हणून. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नांदेडला रेल्वेच्या कचेरीत त्यांची नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी अडीअडचणीला लागणारी यंत्रं जमवायला घेतली. पॉवर बँक, उन्हावर चालणारा कंदील, हाताने फिरवायचा रेडिओ, कपाळाला बांधायचा दिवा. याला आवड म्हणावं, तर प्रत्येक वस्तूकडे ते पकडून आणलेल्या चोराकडे पाहावं तसे पाहत.

मी लातूरला कॉलेजात शिकवायचो; सुट्टीत नांदेडला गेलो की खरेदीला ते मला सोबत नेत. साक्षीदार म्हणून नेतात, असं मला वाटायचं. टॉर्च हातात घेतली की दुकानदाराला म्हणत, "शटर खाली घ्या."

"काका, भरदिवसा शटर लावलं तर गिऱ्हाईक जाईल ना माझं!"

"तुमच्या ट्यूबलाइटखाली कोणतीबी टॉर्च चांगलीच दिसती. अंधारात दाखवा."

दुकानदार कुरकुरत शटर अर्धं ओढायचा. दाजी टॉर्च लावून उजेड आधी त्याच्या चेहऱ्यावर टाकत, मग भिंतीवर.

पॉवर बँकेचे सगळे दिवे लागले, तरी ती भरली हे त्यांना पटत नसे. "पोट भरलं असं पाव्हणाबी म्हणतो. खरं असतंय का?" मग खात्रीसाठी ती पूर्ण रिकामी होईपर्यंत मोबाईल लावून बसत. साहजिकच, वीज गेली की पॉवर बँक रिकामीच सापडे. अक्का हसायची. "परीक्षा देऊ देऊच मरून राहिलंय बिचारं!"

पुढे अक्काच विसरू लागली. आधी गॅसवरचं दूध, मग रस्ते. एकदा भाजीला गेली आणि घर सापडेना. ओळखीच्या रिक्षावाल्याने दारात आणून सोडली. त्या दिवसापासून दाजींचा संशय यंत्रांवरून उघड्या फाटकावर, रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यावर गेला. त्यांनी बटणापेक्षा थोडी मोठी पांढरी चकती आणली. ती अंगावर असली की अक्का कुठे आहे ते मोबाईलवरच्या नकाशात ठिपक्यासारखं दिसे. कोणी चोरू नये म्हणून दाजींनी ती काळ्या कापडात शिवली आणि काळ्या दोऱ्याने अक्काच्या गळ्यात, पदराआड बांधली.

"काय हाय हे?" तिने विचारलं.

"कामाचं हाय. राहू दे." याहून जास्त सांगितलं तरी ते तिच्या लक्षात राहिलं नसतं.

त्याच वर्षी आम्ही तिघे माहूरला गेलो. अक्काला देवीची ओटी भरायची होती. बायकांची रांग वेगळी, म्हणून दाजींनी पुढच्या बाईला "हिच्यावर ध्यान ठिवा, माय," असं विनवलं. आम्ही बाहेर पडायच्या दाराशी थांबलो. दाजींची नजर मोबाईलवर. थोड्या वेळाने ठिपका हलला आणि पायऱ्या उतरू लागला.

"अक्का अजून बाहेर आलेली नाही," मी म्हणालो. "यंत्र चुकत असेल."

"हे न्हाई चुकत, प्रोफेसर. कोणीतरी नेऊन राहिलंय तिला."

एखादं यंत्र चुकत नाही, असं त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. ते पायऱ्या उतरू लागले. त्या गर्दीत त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही मागे धावलो.

ठिपका एका जीपजवळ थांबला. आत हिमायतनगरकडची एक बाई मांडीवर प्रसादाचा खण-नारळ घेऊन बसली होती. दाजींनी दार धरलं आणि मोबाईल तिच्या मांडीवरच्या खणाकडे रोखला. "आमच्या मंडळींना कुठं ठिवलं?"

"अवो बाबा, पुजाऱ्यानं दिलेला ओटीचा परसाद हाय हा. तुमची बायकू कशाला बसंल ह्याच्यात?"

तिने खणाची घडी उलगडली. आत काळी पुडी होती.

दाजी वळले. धापा टाकत, दिसेल त्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे बघत ते चढू लागले. मी पाणी पुढे केलं, ते त्यांना दिसलंही नाही. वर, आम्ही सोडलेल्या जागेवरच, अक्का तांबूल चघळत उभी होती. रांगेतल्या त्या बाईने तिचा हात धरून ठेवला होता.

"कुठं हरवलते तुम्ही?" अक्का कडाडली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "कुणीतरी करणी करून माझ्या गळ्यात काळी पुडी बांधली होती. देवीच्या ओटीत घालून आले. आता भ्याव न्हाई."

ती पुडी आपणच बांधली होती, हे दाजींनी सांगितलं नाही. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि नांदेडला घरात शिरेपर्यंत सोडलं नाही. चकती दुसऱ्या रंगाच्या कापडात शिवू, असं मी सुचवून पाहिलं. "ठिपका पुडीचा असतोय," ते म्हणाले. "माणसाचा न्हाई." त्यानंतर घराबाहेर तिचं मनगट नेहमी त्यांच्या मुठीत असे.

गेल्या हिवाळ्यात दाजी गेले. अक्का आता लातूरला माझ्याकडे असते. सुरुवातीला "ते कुठं हायत?" असं तिने विचारलं की मी खरं सांगत असे. प्रत्येक वेळी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. मग मी सांगणं सोडलं. ते कामाला गेलेत, म्हणतो.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघतो. गर्दी दिसली की अक्का थांबते आणि एकेक चेहरा न्याहाळते. काल तिने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"ते कुठं हायत, तुला ठावं हाय," ती म्हणाली. "तू सांगून न्हाई राहिलास."

तिचा संशय खरा आहे.